दिसेल तेवढाच रस्ता

कार्तिकातल्या एका पहाटे, आसनगावहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचा खडखडाट अजून कानांत असतानाच, शहापूर कसब्याच्या वेशीवर मी माझी जुनी येझदी सुरू केली. या गाडीची एक गंमत अशी की, ज्या दांड्याने गिअर बदलायचा तोच दांडा फिरवून वर घेतला म्हणजे त्याची किक होते. त्यामुळे ज्याने ही गाडी पूर्वी कधी पाहिलेली नाही असा इसम, मी ती सुरू करू लागलो की काहीतरी मोडले असावे अशा काळजीने जवळ येऊन उभा राहतो. माझ्या भाच्याला मात्र हा प्रयोग पाठ झालेला आहे. तो आपल्या नव्या, बटण दाबताच जागी होणाऱ्या मोटारसायकलीवर बसून निमूटपणे वाट पाहत होता आणि तिसऱ्या किकेला माझ्या दोन नळ्यांतून निळसर धूर निघाल्यावर म्हणाला, “मामा, माळशेजला वर पोचेल ना ही?”

“वर पोचायची काळजी नाही,” मी म्हटले, “खाली कसे उतरायचे ते बघ.”

त्या वेळी हे मी केवळ उत्तराला उत्तर म्हणून बोललो होतो; परंतु पुढच्या दोन दिवसांत आमच्यामध्ये जो काही वाद आणि संवाद झाला त्याचे मूळ त्याच वाक्यात होते.

शहापूरहून नाशिकच्या दिशेने जायचे तर आग्रा रोड आहे आणि त्यावर जुना व नवा असे दोन कसारा घाट आहेत. शेजारच्या थळ घाटातून चढणाऱ्या आगगाडीला सदतीसास एक या चढावर मागून जादा इंजिनांचा टेकू द्यावा लागतो. तेथे रस्त्यावरच्या मालमोटारींची काय अवस्था होत असेल याचा अंदाज करता येतो. याच तालुक्यातून आता समृद्धी महामार्गही गेला असून, इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसाऱ्याच्या डोंगराखालून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा काढून त्याने घाटाचा प्रश्नच निकालात काढला आहे. पण तेथे दुचाकीला मज्जाव आहे, आणि मला त्याचे दुःख नाही. ज्याला डोंगर पाहायचा आहे त्याला डोंगराच्या पोटातून पलीकडे नेणे हा उपकार खरा, पण तो मालाच्या गाडीवर, माझ्यासारख्यावर नव्हे. म्हणून आम्ही महामार्गाकडे पाठ फिरवून किन्हवलीवरून सरळगावला निघणारा आडवा रस्ता धरला. तेथे कल्याण-नगर मार्गाला लागायचे, टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्यास मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळशेज चढून त्याच वाटेने परत उतरायचे, अशी तजवीज होती.

निघण्यापूर्वी मी दोन्ही गाड्यांच्या चाकांवरून हात फिरवला. भाच्याला हा म्हातारपणाचा चाळा वाटतो. वास्तविक चाक केवढेही मोठे असो, त्याचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. वेग घेणे, थांबणे, वळणे हे सर्व व्यवहार त्या दोन तळहातांच्या भांडवलावर चालतात. त्यात हवा कमीजास्त असली किंवा रबराच्या खाचा झिजल्या असल्या तर मग स्वाराचे कौशल्य गेले कुठच्या कुठे! हेल्मेट त्याने घेतले होते. परंतु आमच्या तालुक्यातील बहुसंख्य तरुणांप्रमाणे ते कोपरात अडकवले होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट डोक्यावर घालून त्याचा पट्टा बांधण्याबद्दल स्पष्ट शब्द आहेत, आणि हा पट्ट्याचा उल्लेख ज्याने मसुद्यात घातला त्या अज्ञात कारकुनाबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे, कारण न बांधलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात डोक्यावरून निघून जाते आणि दुसरे आदळणे उघड्या डोक्याच्या वाट्याला येते. मी हातमोजे दिले, तेव्हा मात्र तो कुरकुरला. पडताना माणूस प्रथम हात टेकतो हे त्याने अजून अनुभवलेले नव्हते.

पाठीमागून माहुलीचे सुळके सोबत करीत होते. नवरा, नवरी आणि भटजी अशी लोकांनी त्यांची नावे ठेवली आहेत. १६३६ साली याच किल्ल्यात शहाजीराजांना वेढा पडला आणि अखेर तह करावा लागला, ही हकिकत मी गाडी चालवता चालवता भाच्याला ओरडून सांगण्याचा यत्न केला, पण हेल्मेटांच्या दुहेरी तटबंदीतून ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. ते बरेच झाले. वळणावर इतिहास सांगू नये.

किन्हवलीचा रस्ता घाटाचा नव्हे. तो टेकाडांना वळसे घालीत, ओहोळांवरच्या बुटक्या मोऱ्यांवरून, शेतांच्या कडेकडेने जातो. परंतु घाटात ज्या गुणांची परीक्षा होते त्यांचा पहिला धडा मला नेहमी अशाच रस्त्यावर मिळालेला आहे. भातकापणीचे दिवस होते. खळ्यांवर झोडणी चालली होती, डोक्यावर भारे घेऊन बायका रस्त्याच्या कडेने निघाल्या होत्या, आणि एका गावाबाहेर, जेथे रस्ता चिंचेच्या झाडामागे अदृश्य होतो अगदी तेथेच, निम्म्या डांबरावर पेंढा पसरलेला होता. मी वळणाआधीच वेग उतरवून दुसऱ्या गिअरमध्ये होतो, म्हणून पेंढा दिसताच ब्रेकला हातही न लावता सरळ त्यावरून निघून गेलो. भाचा मागून जरा तेजीत आला. पेंढा पाहून दचकला आणि त्याने ब्रेक दाबला. त्याच्या एबीएसने आपले काम चोख केले, चाक काही अडकू दिले नाही. पण पेंढ्याला धरून ठेवायला खाली काही असेल तेव्हा ना! गाडी जवळजवळ त्याच वेगाने पुढे सरकत गेली आणि पलीकडच्या डांबरावर पोचल्यावर मग एकदम थांबली. पेंढा गोळा करणाऱ्या आजीबाईंनी कंबर सरळ केली, त्याच्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, “बाला, बैल पण पेंढ्यावर पाय जपून टाकतो.”

त्याने गाडी कडेला घेतली व मला विचारले, “मामा, तुम्हाला कसं कळलं तिथे पेंढा आहे?”

मला कळलेले नव्हते, हेच तर सांगायचे होते. तेथे पेंढा आहे, म्हैस आहे, शाळेत निघालेली पोरे आहेत की काहीच नाही, हे जोपर्यंत मला दिसत नाही तोपर्यंत तेथे काहीतरी आहे असे धरून चालायचे, आणि जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो तेवढ्याच्या आत थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. रस्ता अरुंद असून समोरूनही कोणी येण्याचा संभव असेल, तर दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्यात थांबता आले पाहिजे. कारण उरलेले निम्मे समोरच्याच्या मालकीचे आहे. दुचाकीवरून डोंगरात हिंडण्यासंबंधी मी आजवर जे काही शिकलो ते एवढेच, आणि बाकीचे त्याच्या पोटात येते.

सरळगावला आम्ही हमरस्त्याला लागलो. कल्याणहून निघून मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा असा नगरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. घाटमाथ्यावरची भाजी आणि कांदा याच वाटेने खाली उतरतो, आणि ज्यांनी तो उतरवण्यात हयात घालवली अशी माणसे येथल्या चहाच्या टपऱ्यांवर भेटतात. त्यांच्याशी बोलण्यासाठी मी मुद्दाम थांबतो. त्या दिवशी टोमॅटोचा टेम्पो उभा करून एक पन्नाशीचे गृहस्थ बशीत चहा ओतून पीत होते. भाच्याने त्यांना एक जुनाच प्रश्न विचारला: पुढचा ट्रक उजवीकडचा दिवा लुकलुकवतो, त्याचा अर्थ काय समजायचा?

“दोन अर्थ हायेत, दादा,” ते म्हणाले. “एक, ‘या पुढं, रस्ता मोकळा हाय.’ दुसरा, ‘मी उजवीकडं वळतोय.’”

“मग कुठला धरायचा?”

“तुमचं डोळं सांगतील तो. दिवा त्याचा, जीव तुमचा.”

त्यांनीच आणखी एक गोष्ट समजावली, जी कोठल्याही शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत मी ऐकलेली नाही. घाटात रस्ता जेथे पूर्ण मागे फिरतो तेथे लांब गाडीची मागची चाके पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत; ती आतल्या बाजूने आखूड वाट काढतात, म्हणून चालकाला पुढचे तोंड आधी बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, न्यावेच लागते. तो उर्मटपणा करीत नसतो. त्याला दुसरा इलाजच नसतो. दुचाकीवाल्याला मात्र आतल्या बाजूला पडलेली ती मोकळी जागा पाहून मोह होतो, तो आत घुसतो, आणि तेवढ्यात ती जागा मिटत येते. “आमाला आरशात तुमी दिसतच न्हाई,” एवढे बोलून त्यांनी बशी उपडी ठेवली. वळणाखाली थांबून ट्रकला आधी वर जाऊ द्यावे, यात कमीपणा कसला? कायदाही थोडाबहुत असाच विचार करतो: डोंगरी रस्त्यावर दोन वाहनांना एकदम जाण्याजोगी रुंदी नसेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा नियम आहे, कारण चढावर एकदा मोडलेली गती पुन्हा जमवणे दुष्कर असते.

टोकावड्यानंतर सह्याद्रीची भिंत एकदम जवळ येते. वैशाखऱ्याला उतरलो तेव्हा उन्हे कलली होती व समोर नाणेघाटाचा नानाचा अंगठा तांबूस झाला होता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल सातवाहनांच्या काळी याच खिंडीतून वर चढे. तेथील गुहेत राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि वर दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकीत असे परंपरेने सांगतात. बैलाच्या पाठीवर ओझे घालून ती चढण चढणारा व्यापारी दिवसाकाठी किती मजल मारीत असेल? पण त्याला वळणापलीकडचे दिसत नाही ही अडचण कधी आली नसावी. बैलाच्या चालीला माणसाची नजर सहज पुरते. नजर अपुरी पडू लागली ती इंजिनापासून.

रात्री तेथेच राहिलो. भाच्याचा मानस असा की जेवण आटोपून चांदण्यात घाट करावा. मी तो मोडून काढला आणि त्यासाठी आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय यांच्या संशोधनासाठी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा घालून त्याला माळशेजच्या रानात सोडण्यात आले. त्याच्या वयाकडे पाहून त्याला आजोबा म्हणू लागले. हा गृहस्थ माळशेजवर राहिलाच नाही. तो पश्चिमेला निघाला, शहापूर तालुक्यातून लोहमार्ग आणि आग्रा रोड ओलांडून, १२० किलोमीटरहून अधिक चाल करून मुंबईच्या उत्तरेच्या जंगलात पोचला, आणि या सबंध प्रवासात त्याने कोणा मनुष्यास नखही लावले नाही. पुढे २०११ मध्ये तो रस्ता ओलांडताना एका वाहनाखाली सापडून मेला. ज्या रानातून आपण जाणार तेथे रात्री रस्त्यावर कोण कोण असते याची ही एक नोंद झाली; बाकीची जनावरे पट्टा घालून हिंडत नाहीत. शिवाय दिव्याचा झोत नेहमी गाडीच्या तोंडासमोर पडतो, आणि वळणावर गाडीचे तोंड जिकडे असते तिकडे रस्ता नसतो. म्हणजे ज्या क्षणी पाहणे सर्वांत जरूर, त्याच क्षणी उजेड दरीत पडलेला असतो.

“पटलं,” भाचा म्हणाला, आणि पाचव्या मिनिटाला झोपी गेला.

सकाळी दव इतके होते की गाडीच्या टाकीवर बोटाने नाव लिहिता आले असते. ऊन रस्त्यावर येईपर्यंत आम्ही निघालो नाही. मोरोशीच्या भैरवगडाची काळी भिंत मागे टाकून चढाला लागलो, तेव्हा मी भाच्याला पुढे घातले. बरोबर हिंडणाऱ्या दोघांत जो कच्चा त्याने पुढे राहावे. तो मागे असला की पुढच्याची चाल गाठण्याच्या ओढीने आपल्या कुवतीबाहेर जातो, आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही.

पहिल्या चार वळणांत तो रस्त्याच्या आतल्या कडेकडे पाहत होता, हे त्याच्या हेल्मेटच्या रोखावरून मला मागून दिसत होते. तो वळण सुरू झाल्यावर ब्रेक लावी, मग गाडी उभी होऊ पाही, मग तो तिला पुन्हा आत लोटी. एकेका वळणाचे त्याने तीन-तीन तुकडे केले होते. एका रुंद जागी थांबून मी त्याला रस्त्याच्या शेवटाकडे पाहायला लावले. वळणावर उभे राहून पाहिले तर रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे कोठेतरी एकमेकींना मिळालेल्या दिसतात. त्या बिंदूच्या पलीकडचे काहीच दिसत नाही. तो बिंदू म्हणजे आपल्या नजरेची सरहद्द. आपण पुढे जाऊ लागलो की तोही पुढे सरकू लागतो. तो जर आपल्यापेक्षा झपाट्याने पळू लागला तर वळण उलगडत आहे, हळूहळू वेग घ्यायला हरकत नाही. आपल्याइतक्याच चालीने सरकत असेल तर वळण आहे तसेच आहे, वेगही आहे तसाच ठेवावा. पण तो थबकून राहिला आणि आपण त्याच्या जवळ जवळ जाऊ लागलो, तर वळण आवळत चालले आहे आणि वेग आधीच जास्त झालेला आहे. हे सांगायला एवढी वाक्ये लागली; पाहायला अर्धा क्षण लागतो. ब्रेकचे, गिअरचे, सगळे काम गाडी सरळ असतानाच उरकायचे. मग नजर त्या बिंदूवर ठेवून, किंचित वेग देत, गाडी वळणात सोडायची. आणि उजव्या वळणावर एक विशेष खबरदारी: चाके मधल्या पट्ट्याच्या आत असली तरी गाडी कलल्यावर स्वाराचे डोके पट्ट्याच्या पलीकडे जाते, आणि समोरून येणाऱ्या बसचा आरसा नेमका त्याच उंचीवर असतो.

भाचा गणितात हुशार, म्हणून त्याला आकड्यांनी अधिक पटले. ताशी ४० च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद सहज जातो; मग कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला आणखी ९-१० मीटर. म्हणजे झाले २० मीटर. वेग ६० झाला की हेच अंतर ३५ च्या पुढे जाते, ओल्या रस्त्यावर ५० च्या घरात. आणि घाटातल्या आंधळ्या वळणावर कड्याआडून २० मीटर रस्ता दिसला तरी नशीब म्हणायचे. वळण्याचा हिशेब तर याहून कठोर आहे. १५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी २० ने घेतले तर गाडी बारा-तेरा अंश कलते, ३० ने घेतले तर २५, आणि ४० ने घ्यायचे म्हटले तर ४० अंश. तेथे साध्या गाडीचा पायदांडा जमीन खरडू लागतो, आणि रस्त्यावर चमचाभर खडी असली की संपले. वेग दहा-दहानेच वाढला, पण संकट वर्गाच्या पटीने वाढले. खडीही नेमकी कोठे साठते? जेथून ट्रकची मागची चाके कड्यालगतची माती उकरीत आतून जातात, तेथेच. आणि दुचाकीवाल्याला आखूड वाट म्हणून तीच जागा प्रिय असते.

यानंतर त्याची वळणे एकसंध होऊ लागली. मी मागून पाहत होतो. हेल्मेट आता गाडीच्या आधी वळत होते.

बोगद्याच्या अलीकडे एका ठिकाणी मी हात करून थांबलो. तेथे माझे जुने काम होते. तीसेक वर्षांपूर्वी, श्रावणात, धुक्यातून उतरताना, याच वळणाच्या आसपास मी पडलो होतो. दोष सर्वस्वी माझा. धबधब्याचे पाणी रस्त्यावरून वाहत होते, वेग त्या मानाने जास्त होता, आणि वळणाच्या टोकाला कठड्याचा पांढरा रंगवलेला दगड धुक्यातून एकाएकी पुढे आला. मी त्या दगडाकडे पाहिले, आणि पाहतच राहिलो. वास्तविक डावीकडे गाडी जाण्यास पुरेशी जागा होती. परंतु माणूस ज्यावर नजर रोखतो तिकडेच त्याचे खांदे, हात आणि मागोमाग गाडी वळते, आणि भयभीत मनुष्य नेमका भयाकडेच टक लावतो. मी त्या दगडावर, जणू काही पत्ता लिहून पाठवल्यासारखा, अचूक जाऊन आदळलो. हासळीचे हाड मोडले. कोबीच्या पोत्यांवर आडवा घालून एका टेम्पोवाल्याने मला मुरबाडला आणले. पैसे घेतले नाहीत, नावही सांगितले नाही. त्या काळी जखमीला उचलून आणणाऱ्यामागेच चौकशीचा ससेमिरा लागण्याची धास्ती असे, तरीही त्याने आणले. आता कायद्यातच अशा माणसाला संरक्षण दिलेले आहे, १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते, आणि अपघातानंतरच्या पहिल्या तासाचे महत्त्व सर्वांस ठाऊक झाले आहे. फक्त घाटात पुष्कळ ठिकाणी फोनच लागत नाही, एवढे ध्यानात धरून आपण कोठे जात आहोत हे खाली कोणाला तरी सांगून निघावे.

दगड आता तेथे नाही. मी शोधला.

या घाटाने याहून पुष्कळ मोठी दुःखे पाहिलेली आहेत. २ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून नगरकडे निघालेली एस.टी. बस येथे दरीत कोसळून पंचविसाहून अधिक माणसे गेली, आणि पावसाळ्यात दरडी तर जवळजवळ दरसाल पडतात. म्हणून पावसाळा आला की धबधब्यांखाली थांबण्यास सरकारी मनाई-हुकूम निघतो आणि पोलिसांचा बंदोबस्त बसतो. लोक तो मोडतात, आणि कड्याखाली गाड्या लावून भजी खातात. ज्या पाण्याने धबधबा केला तेच पाणी वरचे दगड सैल करीत असते, हा विचार भज्यांच्या वासात टिकत नसावा. मीही पूर्वी तेथे उभा राहून भजी खाल्ली आहेत, तेव्हा फार बोलण्याचा मला अधिकार नाही.

घाटमाथा सुमारे सातशे मीटरांवर. ठाणे जिल्ह्याची हद्द संपून पुणे जिल्ह्याची सुरू होते, वारा एकदम कोरडा होतो, पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी लांबवर चकाकू लागते. हरिश्चंद्रगडाच्या दिशेने पाहत आम्ही शिदोरी सोडली. पाऊण तास तेथे गेला, त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि तो वेळ फार सुखाचा गेला.

उतरताना मी पुढे झालो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा ट्रकवाल्यांचा धडा. म्हणजे गाडीला धरून ठेवण्याचे ओझे ब्रेकऐवजी इंजिनावर पडते. भाच्याच्या गाडीला हे छान जमते. माझ्या येझदीची मात्र पंचाईत अशी की टू-स्ट्रोक इंजिन गाडीला धरून ठेवण्यात मुळातच दुबळे. शिवाय त्याचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले, त्यामुळे लांब उतारावर मूठ सोडून दिली की पेट्रोलबरोबर तेलही आटते आणि इंजिन तापून सीझ होण्याची भीती. म्हणून मध्ये मध्ये क्लच दाबून मूठ किंचित पिळायची, तिला तेलाचा घोट पाजायचा, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता, दाबून वेग उतरवायचा व सोडून द्यायचा, की तेवढ्यात ड्रमला वारा लागावा. मागचा ब्रेक एकसारखा दाबून उतरणाऱ्याचा ड्रम तापतो, पकड विरत जाते, आणि ती नाही हे त्याला नेमके शेवटच्या वळणावर कळते.

अर्ध्या उतारावर टोमॅटोचे दोन रिकामे टेम्पो वर येताना भेटले. वाट अरुंद होती. मी थांबलो, भाचाही थांबला. पहिल्या टेम्पोतून एक हात बाहेर आला आणि बशी उपडी करावी तसा उलटा होऊन परत आत गेला. ते सरळगावचे गृहस्थ होते की दुसरेच कोणी, हे मला ओळखता आले नाही.

पायथ्याला आल्यावर कडेच्या झाडाखाली गाड्या लावल्या. येझदीच्या पुढच्या चाकाजवळून करपल्यासारखा वास येत होता. मी बाटलीतले पाणी बोटांवर घेऊन चार थेंब ड्रमच्या कडेवर शिंपडले. ते चुरचुरले आणि उडून गेले. भाचा वाकून पाहत होता. त्याने आपल्या डिस्कजवळ हात नेला, न टेकवताच मागे घेतला, आणि हातमोजे काढून, ते नीट एकमेकांवर ठेवून, दगडावर बसला.

“किती वेळ थांबायचं, मामा?”

मी पुन्हा थेंब टाकून पाहिला. अजून चुरचुरत होता.